लाल-हिरव्या झेंड्याखाली

धाकटा भाऊ जहाजावरच्या आपल्या केबिनमध्ये दार लावून एकटाच बसला होता, आणि तरी व्हिडिओ कॉलवर त्याच्या तोंडाला मास्क होता.

"काढ की तो. तोंड तरी बघू दे," मी म्हटलं.

"नवीन रूल आहे ताई. केबिनमध्येपण मास्क."

मेलबर्नमध्ये तेव्हा लॉकडाऊनचा सगळ्यात कडक काळ चालू होता. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, अंधार पडल्यावर बाहेर दिसायचं नाही, कामावर जायचं तर कंपनीचं पर्मिट जवळ बाळगायचं. मी डँडेनॉन्गच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये डिस्पॅच बघते, म्हणून माझ्या पर्समध्ये ते पर्मिट कायम असायचं. नियमांच्या बाबतीत मला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नव्हती. स्वतःच्या खोलीत एकट्याने मास्क लावायचा नियम काही मी ऐकला नव्हता. पण तो म्हणाला म्हणून मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही.

तो इंजिनरूममध्ये फिटर होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट कधीच संपलं होतं, पण जगातलं कुठलंही बंदर खलाशांना उतरू देत नव्हतं. माल उतरत होता, माणसं उतरत नव्हती. आणि आता तेच जहाज गहू भरायला जिलॉन्गला आलं होतं आणि धक्का मोकळा होईपर्यंत आमच्या उपसागरात नांगर टाकून उभं होतं. सकाळी गाडी काढली असती तर जेवायच्या आधी मी समोरच्या किनाऱ्यावर पोचले असते. पण माझ्या पाच किलोमीटरमध्ये समुद्र येत नव्हता. फॉस्टर स्ट्रीट येत होती, तिथली आपल्या किराण्याची दुकानं येत होती, समुद्र तेवढा येत नव्हता.

मग मी फोनवर जहाजं दाखवणारं ॲप उघडून बसायची. निळ्या पाण्यावर एक छोटा बाण. बाणावर बोट ठेवलं की जहाजाचं नाव यायचं आणि शेजारी झेंडा, लाल आणि हिरवा. पोर्तुगालचा.

तो झेंडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग आला. आमचं गाव अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. जन्मापासून डोळ्यांसमोर फिरंग्यांचा पडका किल्ला. पोर्तुगीज हा शब्द शाळेच्या पुस्तकातला, गावात फिरंगीच म्हणतात. युरोपच्या टोकाला वीतभर देश, पण आफ्रिकेला वळसा घालून इथवर आले आणि आमच्या समुद्राचे मालक होऊन बसले. त्यांचा परवाना विकत घेतल्याशिवाय आमच्या गलबतांनी शीड उभारायचं नाही. परवाना नसला की माल लुटायचा, वर गलबत जाळायचं. हे होऊन शतकं उलटली तरी गावातली म्हातारी माणसं परवाच घडल्यासारखं तावातावाने सांगत, आणि सांगून झालं की देवळाकडे हात करत.

कारण आमच्या देवळात फिरंग्यांची घंटा आहे. मराठ्यांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा काढून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या. त्यातली एक आमच्या वाट्याला आली. तिच्यावर क्रूस आहे आणि गावात कुणालाच वाचता न येणारी अक्षरं आहेत. आरतीला ती वाजवत नाहीत, त्यासाठी साधी पितळी घंटा आहे. फिरंग्यांची घंटा एकाच कामाची. घरचा माणूस समुद्रावरून सुखरूप परत आला की त्याची वाट बघणाऱ्या बाईने ती एकदा वाजवायची. पूर्वी ती मचव्यांसाठी वाजायची, पुढे बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलांसाठी वाजू लागली. भावाच्या प्रत्येक ट्रिपनंतर आईने ती वाजवली आहे.

आणि आता तो त्याच फिरंग्यांच्या झेंड्याखाली. माझा नवरा पुण्याचा, आयटीतला, त्याच्या लेखी पोर्तुगाल म्हणजे फुटबॉल. त्याने विचारलं, "म्हणजे कॅप्टन पोर्तुगीज आहे?"

कॅप्टन युक्रेनचा होता, खलाशी फिलिपिन्सचे आणि आपले, मालक जर्मन, आणि कारभार बघणारी कंपनी सायप्रसमध्ये. पोर्तुगीज औषधालासुद्धा नव्हता.

"मग झेंडा कशाला त्यांचा?"

"भाड्याचा. एके काळी परवाने विकायचे, आता झेंडे देतात. धंदा तोच."

एवढं बोलून मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचा कप हातात घेऊनच भावाला फोन लावला. आमच्या घरात कुणी ताकास तूर लागू देत नसलं की आई त्याच्यासमोर चहा ठेवते आणि स्वतः पीत बसते. काही वेळाने माणूस बोलतो.

"तूपण आण. बरोबर पिऊ."

"आत्ताच झाला."

"मग पाणी पी. माझ्यासमोर पी."

तो दुसरीकडे बघायला लागला. मी फोन ठेवणार नाही हे त्याला माहीत होतं. शेवटी त्याने एका कानावरची दोरी काढली.

उजवा गाल आणि मान एक झाली होती. जबडा कुठे संपतो तेच कळत नव्हतं. कातडी ताणून चकचकीत झाली होती. त्याने पाण्याचा घोट घेतला आणि निम्मं पाणी ओठाच्या कोपऱ्यातून खाली आलं. माझ्या हातातला कप मी कधी खाली ठेवला ते आठवत नाही.

"दाढ आहे गं. होईल कमी."

"ताप आहे?"

त्याने दोरी परत कानावर चढवली. म्हणजे होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जहाजावर रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचं टेंपरेचर घेत. त्याच्या थोडं आधी हा तापाच्या दोन गोळ्या घ्यायचा, ताप उतरायचा, नॉर्मल नोंद व्हायची. सूज मास्कखाली. कॅप्टनला संशय आला असणार, पण कॅप्टनलाही घरी जायचं होतं. कारण इतक्या महिन्यांनी कंपनीने जमवून आणलं होतं. जिलॉन्गच्या धक्क्याला लागलं की सगळी जुनी माणसं साइन-ऑफ, बसने थेट एअरपोर्ट आणि विमान. त्यांच्या बदलीची माणसं दुसऱ्या शहरात हॉटेलात क्वारंटाईन होऊन तयार होती. फक्त जहाजावर कुणाला ताप नको. एकाला जरी ताप निघाला तरी जहाज नांगरावरच राहणार, बस रद्द, विमान रद्द.

"बोसनचे वडील जायच्या वाटेवर आहेत ताई," तो म्हणाला. "त्याला फक्त पोचायचंय. माझ्या एका दाढेपायी सगळ्यांना अडकवू?"

बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. फिलिपिन्सचा, भावापेक्षा थोडा मोठा. आदल्या दिवाळीला भावाच्या खांद्यावरून डोकावून त्याने मला "हॅपी दिवाली, सिस्टर" म्हटलं होतं. भावाला गिळता येईना तेव्हापासून तोच त्याच्यासाठी पातळ पेज करून आणत होता.

"विमानात बसायच्या आधी दाखवतो डॉक्टरला. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. तुला आईची शपथ, कुणाला बोलू नकोस."

आमच्याकडचे बोटीवरचे लोक सगळे असेच. दुखणं उतरून गेल्यावर घरी सांगणार, तेही हसत. आणि घरची माणसं त्याचं कौतुक करणार. त्या क्षणी मला त्या कौतुकाची शिसारी आली.

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला घास परत ताटात ठेवला. "अगं, तो ॲडल्ट आहे. त्याने डिसाइड केलंय. आणि इट्स नॉट जस्ट हिम, किती फॅमिलीज वाट बघत असतील. आपण कोण मध्ये पडणारे?"

"मी त्याची बहीण," मी म्हटलं आणि ताटावरून उठले. उठले खरी, पण तो चूक बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

सकाळी मेसेज आला होता: "बोलता येत नाही. गिळता येत नाही. ठीक आहे." ते शेवटचे दोन शब्द वाचून असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या चांगल्या गालावर ठेवून दिली असती.

नर्सच्या हेल्पलाईनवर फोन केला. जहाज वगैरे न सांगता नुसती लक्षणं सांगितली. तिचा आवाज लगेच बदलला. सूज मानेत उतरली असेल तर श्वासाची वाट बंद होऊ शकते, वाट बघू नका, आत्ता ॲम्ब्युलन्स बोलवा. मी थँक यू म्हणून फोन ठेवला. ॲम्ब्युलन्स पाण्यावर कशी बोलवतात ते मला माहीत नव्हतं.

मग सुरू झाली फोनाफोनी. जिलॉन्गच्या एजंटाने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, "कॅप्टनच्या रिपोर्टमध्ये सगळे फिट आहेत. नो वरीज." सायप्रसच्या कंपनीने ईमेल करायला सांगितलं. केला, उत्तर नाही. इथल्या एका सरकारी नंबरवर तासभर संगीत ऐकल्यावर एका बाईने सगळं नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की जहाजावरचा आजार कॅप्टनने कळवायचा असतो, तरी आम्ही चौकशी करू. कधी, ते तिला सांगता येईना. कॅप्टनला मी स्वतः फोन करू शकत नव्हते. भावाला मेसेज केला की कॅप्टनला सांग, तर उलट एकच शब्द आला: "नाही." त्यानंतर तो मेसेज वाचेनासाच झाला. मी घरभर फिरत होते, आणि फोनमधला तो बाण जागच्या जागी होता.

संध्याकाळी नवरा लॅपटॉप बंद करता करता म्हणाला, "झेंडा ज्याचा, लॉ त्याचाच लागत असेल ना?"

हा माणूस आदल्या रात्री मला मध्ये पडू नकोस सांगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने नजर चुकवली आणि लॅपटॉप पुन्हा उघडून नंबर शोधून दिला. जहाजांची नोंद ठेवणारं ऑफिस पोर्तुगालच्या कुठल्याशा बेटावर होतं. तिथे नुकती सकाळ झाली होती.

फोन एका बाईने घेतला. मध्यम वयाची असावी. इंग्रजी सावकाश, पण स्पष्ट. मी कुठून सुरुवात केली ते मला आठवत नाही, बहुतेक भांडायलाच सुरुवात केली असणार. तुमचा झेंडा, तुमचं जहाज, तुम्ही फक्त नाव विकून मोकळे होता का, वगैरे. तिने मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर जहाजाचं नाव विचारलं आणि म्हणाली, "हो. आमचं आहे."

मला त्या उत्तराची सवय राहिली नव्हती. दिवसभरात प्रत्येकाने ते दुसऱ्याचं आहे म्हणूनच सांगितलं होतं.

"आमच्या झेंड्याखाली पुष्कळ जहाजं आहेत," ती म्हणाली. "मी त्यातलं एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझे आजोबा मासेमारीला दूर उत्तरेला जायचे, महिनोन् महिने. आता माझ्या गावातून समुद्रावर कुणी जात नाही, सगळे हॉटेलांत कामाला. लोकांना वाटतं आमच्याकडे झेंडाच तेवढा उरलाय. असेल. पण झेंडा आमचा असेल तर आजारी माणूसही आमचा आहे. त्याला डॉक्टर नाकारायचा अधिकार कुणालाच नाही, त्याचा त्याला स्वतःलाही नाही. मी आत्ता कॅप्टनला लिहिते आणि तुमच्या बंदराला लिहिते. वीस मिनिटांत."

मी "थँक यू" म्हणणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. एकदा लिहिलं की ताप कागदावर येईल. जहाजावरच्या बाकीच्या माणसांचं काय होईल, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होतं.

"तर लिहू?"

मला बोसनचा चेहरा दिसला. पेजेचा वाडगा घेऊन माझ्या भावाच्या दारात उभा असलेला. त्याचे वडील मी पाहिले नव्हते, पण कुठल्यातरी घरात खाटेवर पडलेले, दाराकडे बघणारे असे तेही दिसले. नवरा समोर उभा होता. परक्या देशातली ती बाई पलीकडे शांतपणे थांबली होती. तिलाही घाई करता आली असती.

"लिहा," मी म्हटलं.

सकाळ होता होता ॲपवर दुसरा बाण दिसला, बंदराच्या बोटीचा. किनाऱ्याकडून निघाला, भावाच्या बाणाला येऊन चिकटला, आणि बराच वेळ चिकटूनच राहिला. मी कामावर गेले नाही. नवऱ्याने मला दोनदा चहा करून दिला आणि दोन्ही वेळा तो गार झाला. मग तो दुसरा बाण सुटला आणि किनाऱ्याकडे परत निघाला. भाऊ हॉस्पिटलला पोचला तेव्हा त्याला नळी घालून श्वास द्यावा लागला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरचा फोन आला. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." असं म्हणून तो थांबला, आणि मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही.

ताप दाढेचाच होता. कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली. पण त्याने काही फरक पडला नाही. सगळ्यांच्या तपासण्या होऊन जहाज मोकळं होईपर्यंत विमान गेलं होतं आणि बदलीच्या माणसांचे परवाने संपले होते. जहाज धक्क्याला लागलं, गहू भरला, आणि तीच माणसं घेऊन बाहेर पडलं. उपसागराच्या तोंडातून तो बाण खुल्या समुद्रात जाताना मी बघितला. उतरला तो एकटा माझा भाऊ, ज्याला एकट्याने उतरायचं नव्हतं.

शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला मेसेज होता, "बाकीचे?" मी खरं ते लिहिलं. पुढे कितीतरी दिवस काही नाही. हॉस्पिटलमध्ये भेटायला बंदी होती. तिथून त्याला हॉटेलात नेलं, हॉटेलातून सरकारने सोडलेल्या विमानात बसवलं. मी ज्या शहरात राहते तिथे माझा भाऊ राहून गेला आणि मला तो दिसलासुद्धा नाही.

विमानात बसायच्या आधी त्याने फोन केला. आवाज खरखरीत झाला होता. "बोसनचे वडील गेले. तो समुद्रावर होता. मोबाईलवर बघितलं त्याने सगळं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुला सांगितलं होतं ताई."

"तू मेला असतास!"

"मला विचारलं होतंस?"

"नाही विचारलं! आणि पुन्हा वेळ आली तरी नाही विचारणार!" मी ओरडले. त्याने फोन ठेवला. मला कुणीही विचारलं तर आजही मी हेच म्हणेन. पण हे म्हणून सुटका होते असं मात्र नाही.

तो घरी पोचला. देऊळ बंद होतं, पण घंटा सभामंडपाच्या बाहेरच्या तुळईला आहे. आई तांब्या-हळदकुंकू घेऊन निघाली, तर हा दारात आडवा उभा राहिला. म्हणाला, बोटीवरचे सगळे घरी पोचल्याशिवाय वाजवायची नाही. आईने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती रडत होती, आणि तिला त्याचं पटलंही होतं.

होळी होऊन गेल्यावर कधीतरी शेवटची माणसं उतरली. आता तरी वाजव, मी आईला म्हटलं. तर ती म्हणाली, "मी नाही वाजवणार. त्याला समुद्रावरून आणलं तू. घंटा तुझी आहे. ये आणि वाजव." कशी येणार? ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद होत्या, आम्हाला बाहेर पडायलाही परवानगी लागत होती. भाऊ माझ्याशी बोलत होता, पण कसा? बरी आहेस का, पाऊस आहे का, आईला देतो.

सीमा उघडल्यावर मी पहिल्या मिळालेल्या तिकिटाने गेले. भाऊ एअरपोर्टवर आला होता. जबड्याखाली बोटभर व्रण. त्याने माझी बॅग घेतली, गाडीत ठेवली, आणि अलिबागपर्यंत आम्ही रस्त्याबद्दल बोललो. गावात शिरल्यावर त्याने गाडी घराकडे वळवली नाही, देवळापाशी थांबवली.

आई तिथे आधीच येऊन बसली होती. मी चपला काढल्या. घंटेवरचा तो क्रूस मी लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. आता मला फोनवरची ती बाई आठवली. तिला मी नंतर एक ईमेल पाठवला होता, आणि तिचं एका ओळीचं उत्तर आलं होतं की तुमचा भाऊ बरा असेल अशी आशा आहे.

भावाने तुळईला बांधलेली घंटेची दोरी सोडून माझ्या हातात दिली. मग खिशातून फोन काढला, कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावला, आणि फोन घंटेसमोर धरला.

"कोण आहे?" मी विचारलं.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. बोसन होता. केस पिकले होते. मागे भिंतीवर एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो आणि त्याच्याखाली दिवा. बोसनला घंटेवरचा क्रूस दिसला असावा, कारण त्याने कपाळाला आणि छातीला हात लावून खूण केली. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मला त्याची क्षमा मागायची होती, आणि मागायची नव्हतीही.

"रिंग इट, सिस्टर," तो म्हणाला.

भावाने माझ्या हातावर हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी दोरी ओढली.